लाल कुर्ली कालवणात असते: कोकणातल्या कॉलेजसाठी शुभंकर कसा निवडावा

कोकणातल्या एखाद्या कॉलेजात ‘आपल्या संघाला शुभंकर हवा’ असं ठरलं की पहिल्या दहा मिनिटांत फळ्यावर ठरलेली नावं पडतात. वाघ, गरुड, डॉल्फिन, हापूस, मावळा. वाघ-गरुड देशातल्या कुठल्याही कॉलेजला चालतील. हापूस आधीच पेटीवर छापलेला आहे. आणि मावळा मुळात घाटावरच्या मावळातला. त्याच काळात आपल्याकडे आरमार उभं राहत होतं, हे फळ्यापाशी कोणाला आठवत नाही.

‘कोकणाचा’ शुभंकर शोधायला गेलात की तो पर्यटनाच्या जाहिरातीतला निघतो. डहाणूपासून दोडामार्गापर्यंत बोली बदलते, माशांची नावं बदलतात, शिमग्याची सोंगं बदलतात. म्हणून शोध तालुक्यापुरता घ्यायचा. तुमची मुलं ज्या गावांतून एसटीने येतात, तेवढाच परिसर. पुढचं सगळं ह्या एका अटीवर उभं आहे.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

बोधचिन्ह संस्थेचं असतं. ते लेटरहेडवर, दाखल्यावर, इमारतीवर असतं. संघाचं नाव गुणफलकावर लागतं. शुभंकर म्हणजे मैदानावर नाचणारं, पोरांशी हात मिळवणारं, जर्सीवर आणि टोपीवर बसणारं पात्र. हे तिन्ही एकत्र केले की संस्थाचालकांना वाटतं, कोणीतरी पन्नास वर्षांचं बोधचिन्ह बदलायला निघालंय, आणि प्रस्ताव पहिल्याच सभेत बारगळतो. त्यामुळे अर्जाचं पहिलं वाक्य हेच लिहा: ‘संस्थेचं बोधचिन्ह आहे तसंच राहील.’

समिती सात ते नऊ जणांची पुरते. जिमखान्याचे सर किंवा मॅडम, दोन खेळाडू (त्यातली एक मुलगी), प्राणिशास्त्राचं एक माणूस, मराठी किंवा इतिहासाचं एक, हिशोब बघणारं कार्यालयातलं एक, चित्र काढणारं एक, आणि कॉलेजबाहेरचं एक, शक्यतो पंचक्रोशीतलं जाणतं माणूस. शिवाय पहिल्या दिवसापासून तो मुलगा किंवा मुलगी, जी पुढे पोशाखाच्या आत शिरणार आहे. हे माणूस शेवटी शोधायचं असं बहुतेक ठिकाणी होतं. मग डोकं भलतंच मोठं निघतं, हात वर जात नाहीत आणि पोशाख कपाटात जातो.

वेळापत्रक कोकणाच्या घड्याळाने लावा. जूनअखेर समिती, जुलैत सूचना गोळा करणं, ऑगस्टमध्ये चाळण आणि मतदान. गणपतीत काही हलणार नाही, हे गृहीत धरा. शुभंकराचं डोकं बनवायला सगळ्यात तयार हात गणपतीच्या शाळेतल्या (मूर्ती घडवायच्या कारखान्यातल्या) मूर्तिकाराचे असतात, आणि ते मोकळे होतात अनंत चतुर्दशीनंतर. ऑक्टोबरात डोकं, नोव्हेंबरात शिवण आणि चाचणी, डिसेंबरच्या क्रीडा सप्ताहात पहिलं दर्शन. जुलैत मूर्तिकाराच्या दारात उभे राहिलात तर तो हो म्हणेल, पण काम होणार नाही.

यादी कुठून आणायची

कागदाचा खोका ठेवून ‘सूचना टाका’ म्हटलं की वरची पाचच नावं परत येतात. त्याऐवजी मुलांना चार नेमके प्रश्न द्या आणि उत्तरं घरी आजी-आजोबांना विचारून आणायला सांगा. आपल्या गावात असं काय आहे जे शेजारच्या तालुक्यात नाही? शिमग्यात कोणतं सोंग आलं की पोरं पळतात? खाडीत, सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर), राईत कोणता प्राणी दिसला की काम थांबवून बघतात? गावातल्या चांगल्या खेळाडूला कोणाची उपमा देतात? ह्यातला चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा. त्याच्या उत्तरात नावही मिळतं आणि स्वभावही.

उत्तरं येतील ती तालुक्याप्रमाणे फार वेगळी येतात. मंडणगड-दापोलीकडे वेळास, आंजर्ल्याचं ऑलिव्ह रिडले कासव. चिपळुणात वाशिष्ठीची मगर. रत्नागिरी-राजापुरात सड्यावरची कातळशिल्पं. अलिबागकडे कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली जहाजं, गुराबं आणि गलबतं. कुडाळजवळ पिंगुळीची चित्रकथी, सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि गंजिफा, सिंधुदुर्गात दशावतार. डहाणू-पालघरात वारली चित्रांतली माणसं.

कातळशिल्पांकडे जरा थांबून बघा, कारण चित्रकाराला आयता धडा तिथे मिळतो. उक्षी, कशेळी, बारसू, देवीहसोळ ही ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये गेली. कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या अंगातच इतर लहान प्राणी कोरलेले आहेत. जांभ्यात कोरलेली ही रेषा जाड आणि सलग आहे, तपशील फारसा नाही. छातीवरच्या भरतकामाला आणि रबरी शिक्क्याला नेमकी अशीच रेषा लागते. फोटो सकाळी सात-आठला किंवा सूर्य कलल्यावर घ्या. तिरक्या उन्हात खोबणीत सावली बसते. दुपारी जाल तर लाल कातळाखेरीज काही दिसणार नाही. रेषा उठून दिसावी म्हणून चुना, खडू किंवा पाणी ओतायचं नाही, आणि चित्रावर पाय ठेवायचा नाही.

सहा चाळण्या

यादीत वीस-पंचवीस नावं जमली की ती चर्चेत कमी होत नाहीत, भांडणं तेवढी वाढतात. प्रत्येक नाव खालच्या चाळण्यांतून काढा. एका चाळणीत अडकलं की बाद, वाद नाही.

लांबून ओळख. आकृती पूर्ण काळी भरून ए-३ कागदावर छापा, कबड्डीच्या मैदानापलीकडे, चाळीस पावलांवर धरा. बघणाऱ्याला आधी काही सांगू नका. पाचपैकी चौघांनी बरोबर ओळखलं तर पास. डॉल्फिन इथेच शार्क होतो, शेकरू मांजर होतं.

आरोळी. नाव एका दमात, तीन ठोक्यांत ओरडता आलं पाहिजे. ‘समुद्री गरुड’ ओरडताना पोरं ‘समुद्री’वरच दमतात. देवाला घालायच्या गाऱ्हाण्यातल्या ‘व्हय म्हाराजा’सारखी हाक-प्रतिसादाची चाल आपल्या कानात असतेच, आणि ती ग्राउंडवर फार चालते. पण गाऱ्हाण्याचे शब्द तसेच उचलू नका. ते देवासमोरचे आहेत. चाल घ्या, शब्द आपले घाला.

हुर्यो. समोरच्या कॉलेजची पोरं काय ओरडतील, ते सगळ्यात वाईट शब्दांत पाच ओळींत लिहून काढा. कासवाला ‘कासवाच्या गतीने’ ऐकावं लागेल. पापलेट २०२३ पासून राज्याचा मासा आहे खरा, पण ‘तळा रे तळा’ला उत्तर काय? म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडांचं संवर्धन होतं, ही अभिमानाची गोष्ट. तरी ‘गिधाडं आली’ ही हाळी कोणताही संघ अंगावर घेणार नाही. टोमणा बसला तरी चालतं, उत्तर तयार असलं म्हणजे झालं.

नुकसान. माकडं, वानर, रानडुक्कर, गवा ही नावं मुलं हौसेनं सुचवतात. ज्यांच्या घरची नारळ-काजूची बाग माकडांनी उजाडली, त्यांच्या फीमधून त्याच माकडाचा पोशाख शिवायचा का? कर्नाटकातून आलेले हत्ती २००२ पासून दोडामार्गाच्या बागा तुडवतायत. तिथल्या कॉलेजला हत्ती नको, मग तो कातळशिल्पात कितीही देखणा असो. चिपळूणकरांनीही मगर घेताना २०२१ च्या पुराची आठवण तपासून घ्यावी. पाण्याशी जोडलेला विनोद त्या गावात अजून हलका नाही.

श्रद्धा. देव, राखणदार, पालखी, तरंग (देवाची सजवलेली काठी) ह्यांतलं काहीही नको. ह्याबद्दल पुढे.

आधीच घेतलेलं. १९८२ च्या आशियाई स्पर्धेचा अप्पू हत्ती, केरळच्या २०१५ च्या राष्ट्रीय स्पर्धांची अम्मू धनेश, गोव्याच्या २०२३ च्या स्पर्धांचा मोगा गवा. मोठ्या स्पर्धेचं घेतलं तर निदान नक्कल तरी मोठ्याची होते. शेजारच्या कॉलेजचं घेतलंत तर दरवर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यात ऐकून घ्यावं लागेल. विभागातल्या सगळ्या जिमखान्यांना एक पत्र टाकून आधीच विचारा.

कुर्ली, जवळून

चाळणीतून निघालेलं एक उदाहरण नीट बघू. खाडीकाठच्या आणि कबड्डीवर जगणाऱ्या कॉलेजला कुर्ली, म्हणजे खाडीतला खेकडा, फार जुळते. पहिला आक्षेप लगेच येतो: ‘टोपलीतले खेकडे एकमेकांचे पाय ओढतात, मराठी माणसाची बदनामी.’ कबड्डीत पाय ओढणं हीच विद्या आहे. कोपरारक्षकाने चढाईपटूचा घोटा पकडला की मैदान डोक्यावर घेतलं जातं. कुर्ली आडवी चालते, बचावाची साखळीही चढाईपटूसमोर आडवीच सरकते. टोमण्याचं उत्तर टोमण्यातच तयार आहे: ‘पाय ओढतोच आम्ही, ये चढाईला.’ असा शुभंकर शोधायला गेलं तर सहज मिळत नाही.

आता चित्रात काय चुकतं ते. चित्रकार ती लाल काढतो. खाडीतली जिवंत कुर्ली हिरवट-काळपट असते. लाल होते ती कालवणात गेल्यावर. लाल कुर्ली छातीवर घेऊन उतरलात तर समोरचे म्हणतील, शिजवूनच आणलीत. दुसरी चूक पायांची. डेंगे (नांग्या) धरून दहा पाय असतात: दोन डेंगे, सहा चालायचे, आणि मागचे दोन वल्ह्यासारखे चपटे, पोहायचे. बाजारातल्या तयार चित्रांत बहुधा ते वल्हेपाय नसतात, टोकदार पायच लावलेले असतात. खाडीत कुर्ल्या पकडणारा माणूस ते पाहून हसतो. तिसरी चूक पोटाची. पोटावरची झाकणी नराची निमुळती आणि मादीची रुंद, गोल असते, आणि मासळीबाजारातली बाई ती बघूनच निवड करते. मुलींच्या संघासाठी वेगळा बो किंवा पापण्या लावण्यापेक्षा झाकणी रुंद काढा. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

नावासाठी ‘डेंगो’ घ्या की ‘कुर्ली’च ठेवा, ते बोलीवर ठरवा. मालवणीतलं ओ-कारान्त नाव मंडणगडच्या पोरांना परकं लागतं. संगमेश्वरीतलं नाव सावंतवाडीत चालत नाही. निवडलेला शब्द पाच वेगवेगळ्या गावांतल्या मुलांना त्यांच्या घरी बोलून बघायला सांगा. एखाद्या गावात त्याचा भलताच अर्थ निघतो, आणि तो जर्सी छापायच्या आधी कळलेला बरा.

गरुडच हवा असेल तर

समुद्रकाठी खरोखर गरुड आहे, पांढऱ्या पोटाचा सागरी गरुड. किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचं भलंमोठं घरटं करतो आणि तेच वर्षानुवर्षं वापरतो. त्याला घेण्यात काही गैर नाही, पण मग तोच घ्या. नव्वद टक्के वेळा चित्रकार इंटरनेटवरून अमेरिकेचा बाल्ड ईगल उतरवतो: गडद तपकिरी अंग, पांढरं डोकं, पिवळीधमक चोच. आपल्या गरुडाचं डोकं, मान आणि पोट पांढरं, पाठ-पंख राखाडी, चोच करडी आणि शेपूट आखूड पाचरीसारखी. बंदरावर घिरट्या घालणारा विटकरी रंगाचा, पांढऱ्या डोक्याचा पक्षी म्हणजे ब्राह्मणी घार, तीही वेगळी. तिघांचे फोटो शेजारी लावून प्राणिशास्त्राच्या शिक्षकांची सही घ्या, मगच चित्र पुढे जाऊ द्या.

सोंग, इतिहास आणि माणसं

नमन-खेळे ह्या शिमग्यातल्या लोकनाट्यातला संकासुर हे मैदानासाठी जणू घडवलेलं पात्र आहे. काळा वेष, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, आणि पोरांच्या मागे धावणं. मोह होणारच. पण शिमग्यात तो मानाने येतो, काही गावांत त्याला नवस बोलतात. वापरायचाच असेल तर गावच्या मानकऱ्यांना आणि खेळ्यांना भेटून परवानगी लेखी घ्या, एका गावाची नव्हे, जिथे जिथे तो नाचतो त्या आसपासच्या गावांची. मिळाली नाही तर वाद घालू नका. त्याची चाल, घुंगराचा ताल, काळ्या-पांढऱ्याची जोडी एवढं नव्या पात्रात आणता येतं. दशावताराचंही तसंच: रंगवलेले डोळे आणि किरीटाचा बाक घ्या, विष्णू घेऊ नका.

कोळी, भंडारी, गाबीत, दालदी अशा कोणत्याही समाजाचा पेहराव घालून नाचणारं पात्र हा सगळ्यात घसरडा भाग. समाजातली मुलं समितीत असतील आणि ती स्वतः म्हणत असतील तर ठीक, नाहीतर ते सोंग काढल्यासारखं दिसतं. होडीचा प्रमुख ‘तांडेल’ हा शब्द संघाच्या कर्णधाराला शोभेल, पण ते आडनावही आहे. त्या नावाच्या मुलाला चार वर्षं कोण चिडवणार, ह्याचा विचार करा.

छत्रपती शिवाजी महाराजांना शुभंकर करायचं नाही, ह्यावर चर्चाही नको. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या सूचीत महाराजांचं नाव आणि चित्र आहे, त्यामुळे टी-शर्ट, मग, टोपी असा व्यापारी वापर थेट अडचणीत येतो. वारसा घ्यायचा कसा, ते नौदलाने दाखवलंय. २ सप्टेंबर २०२२ ला आलेल्या नव्या ध्वजात महाराजांचं चित्र नाही. राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. आकार घेतला, व्यक्ती नाही. कान्होजी आंग्र्यांच्या बाबतीतही गुराबीचा नाळ (जहाजाचं पुढचं टोक), शीड, तोफेचं तोंड एवढ्यावर काम भागतं.

मतदान

चाळणीनंतर उरलेल्या तीनच नावांवर मतदान घ्या, आणि नावांवर नको, चित्रांवर. तिन्ही चित्रं एकाच हाताची, सारख्या आकाराची, सारख्या रंगांची हवीत, नाहीतर मत चित्राला पडतं. प्रत्येकाने पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यायची. गुण तीन, दोन, एक. ऑनलाइन लिंक टाळा. ती संध्याकाळपर्यंत मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर जाते आणि माजी विद्यार्थ्यांचे मामाही मत देतात. हजेरीपटावर सही आणि कागदी चिठ्ठी. गंमत म्हणून एखादं नाव यादीत घालू नका, कारण तेच जिंकतं.

चित्राचं काम

चित्रकाराला तोंडी सांगू नका, एक पान लिहून द्या. तीन रंग आणि काळा, त्याहून जास्त नाही. सर्वांत बारीक रेषा भरतकामात एक मिलिमीटरखाली जाऊ नये. त्याखाली धागा गुंततो आणि डोळा बंद होतो. पाच आवृत्त्या हव्यात: पूर्ण आकृती, फक्त डोकं, एकरंगी, उलट्या पार्श्वभूमीवरची, आणि दोन सेंटिमीटरची. फाइल व्हेक्टर (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) हवी, नुसती जेपीजी नको. शेवटची परीक्षा गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात: एकरंगी चित्राची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढा. तिसऱ्या प्रतीवरही ओळखू येत असेल तर परिपत्रकावर टिकेल.

रंगाबाबत एक स्थानिक अडचण. आपली बहुतेक ग्राउंडं जांभ्याच्या तांबड्या मातीची. पांढरा पोशाख पहिल्याच सामन्यात गुडघ्यापर्यंत विटकरी होतो आणि तो डाग पुरता जात नाही. गुडघ्याखाली गडद किंवा विटकरी रंगच द्या. कॉलेजचा रंग पांढरा असला तर तो छातीवर आणि वर ठेवा.

कागदपत्रं

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त महागात पडते. स्पर्धेत विद्यार्थ्याने काढलेल्या चित्राचा कॉपीराइट बक्षीस दिल्याने कॉलेजकडे येत नाही. १९५७ च्या कायद्यानुसार तो सर्वसाधारणपणे चित्रकाराचाच असतो आणि लेखी, सही केलेल्या हस्तांतरणानेच दुसऱ्याकडे जातो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षं मिळतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून मुदत, प्रदेश, कोणकोणत्या वस्तूंवर वापर, बदल करायचा हक्क आणि मोबदला हे पाचही लिहा. अकरावी-बारावीचा विद्यार्थी अठराखालचा असेल तर पालकांची सही घ्या.

इंटरनेटवरून विकत घेतलेलं तयार चित्र वापरू नका. बहुतेक परवान्यांत ते ट्रेडमार्क म्हणून वापरायला मनाई असते. ट्रेडमार्क नोंदवायचा असेल तर शिक्षण आणि क्रीडेसाठी वर्ग ४१, कपड्यांसाठी वर्ग २५. ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क दर वर्गामागे ९,००० रुपये (व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ४,५००), नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे नूतनीकरण. टी-शर्ट विकायचे नसतील तर वर्ग २५ चे पैसे वाचवा.

पोशाख

इथे हात सैल सोडून लिहायला हवं, कारण बाजारात मिळणारा केसाळ, जाड पोशाख थंड देशांसाठी बनलेला असतो. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी हवा दमट असते, घाम सुकत नाही, आणि आतल्या माणसाचं अंग थंड व्हायला दुसरा मार्ग नसतो.

डोकं दीड ते दोन किलोच्या वर जाऊ देऊ नका. मूर्तिकाराकडून मातीचं मॉडेल करून घ्या, त्यावर कागदाच्या लगद्याचा किंवा सहा मिलिमीटरच्या ईव्हीए फोमचा थर. फोम हीट गनने वाकतो आणि कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हने चिकटतो. दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं सुकू द्यायचं, मग दाबायचं. ओलं असताना दाबलं तर उन्हात सांधा सुटतो. प्लास्टर ऑफ पॅरिस वापरायचं नाही, वजनाने मान जाते. आत कामगारांच्या सेफ्टी हेल्मेटची पट्ट्यांची जाळी बसवा. डोकं त्यावर टेकतं, कपाळाला हवा राहते आणि मागच्या चक्रीने माप बदलता येतं.

बघायची जागा पात्राच्या डोळ्यांत नको, तोंडात ठेवा. काळ्या जाळीमागून समोरचं आणि पायाखालचंही दिसतं. माथ्यावर लपवलेली दोन भोकं, तिथे एक छोटा यूएसबी पंखा, हवा बाहेर फेकणारा. पॉवर बँक डोक्यात ठेवू नका, कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा. वजनही उतरतं आणि ती गरम झाली तर लगेच काढता येते.

अंगाला केसाळ कापडाऐवजी ट्रॅकसूटचं कापड, काखेत आणि पाठीवर जर्सीची जाळी. आतून घालायला घाम सुकवणारा टी-शर्ट आणि शॉर्ट्स, दोन जोड. कुर्लीचे बाजूचे पाय कापूस भरून शिवा आणि मासेमारीच्या तंगुशीने मनगटाला बांधा. हात हलला की सगळे पाय हलतात, आणि तंगूस चार पावलांवरून दिसत नाही. मोठा डेंगा एकाच हाताला. दुसरा हात मोकळा ठेवा, कारण टाळ्या, हात मिळवणं, मुलाला उचलणं हे सगळं त्याच हाताने होतं. कासवाच्या पोशाखात नेमकं इथेच फसतं: दोन्ही हातांना वल्हे, टाळीच वाजत नाही.

सगळा पोशाख दोन बॅगांत मावून एसटीच्या दारातून गेला पाहिजे. डोक्याची रुंदी पन्नास-पंचावन्न सेंटिमीटरवर थांबवा. सजावटीला खरी पिसं, नखं, कासवाची पाठ वापरू नका. सागरी गरुड आणि ऑलिव्ह रिडले दोघंही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि सापडलेलं पीससुद्धा गुन्ह्याचा विषय होऊ शकतं.

पहिल्या सामन्याआधी

आत शिरणारी माणसं तीन तरी तयार करा. एका वेळी पंधरा मिनिटं आत, मग किमान वीस मिनिटं डोकं काढून सावलीत, पाणी आणि ओआरएस. शुभंकर बोलत नाही, म्हणून खूण ठरवा: दोन्ही हात डोक्यावर म्हणजे ‘मला बाहेर काढा’. ही खूण फक्त शुभंकराची. नाचताना कधीच करायची नाही. सोबत एक माणूस सतत हवा, मोकळ्या कपड्यांतला, पाण्याची बाटली घेतलेला. चक्कर, मळमळ, अंगावर शहारे आले की लगेच डोकं काढा, पोशाख उतरवा, ओल्या फडक्याने मान आणि काखा पुसा, वारा घाला. बोलणं असंबद्ध झालं तर थेट दवाखाना. उन्हात बसवून लिंबू-सरबत पाजत राहायचं नाही.

कबड्डीत चढाई चालू असताना त्याने मध्यरेषेपाशी किंवा पंचांच्या मागे हलायचं नाही. तीस सेकंदांच्या चढाईत नजर चुकली की भांडण शुभंकरावर येतं. नाच दोन चढायांच्या मध्ये आणि मध्यंतरात. खो-खोत खांबामागे उभं राहायचं नाही. हरलेल्या संघाच्या बाकासमोर नाचायचं नाही, हे लेखी नियमात घाला.

सामना संपला की पोशाख बॅगेत कोंबू नका. आतून उलटा करून पंख्याखाली रात्रभर टांगा, डोक्याच्या आत स्पिरिट आणि पाणी अर्धं-अर्धं फवारा, जाळी काढून धुवा. जून ते सप्टेंबर हा खरा शत्रू. डोकं बंद कपाटात ठेवलंत तर गणपतीपर्यंत आत हिरवी बुरशी धरते आणि लगद्याचं डोकं मऊ पडतं. उघड्या फळीवर, सिलिका जेलच्या पुड्यांसह, जुन्या सुती धोतरात गुंडाळून ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा ऊन पडलं की तासभर बाहेर काढा. आत ओल आली का, ते हाताने नाही, नाकाने तपासा.